युद्ध सांगताना नजर कुणाची?

कोल्हापूर जिल्ह्यात पलटणीत गेलेल्या माणसांची घरं शोधत हिंडावं लागत नाही. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाने तर आपल्या नावातच ती ओळख धारण केली आहे, सैनिक टाकळी. अशा घरांतल्या लोखंडी ट्रंकेत डिस्चार्ज बुक असतं, दोन-चार पदकं असतात, कधी घडीवर फाटलेली पत्रं असतात, आणि नातवंडांपैकी कोणाला तरी हे सगळं लिहून काढावंसं वाटत असतं. हा लेख मुख्यतः अशा लिहिणाऱ्यांसाठी आहे, आणि युद्धावरची कादंबरी हातात घेऊन 'यातलं खरं किती?' असा प्रश्न पडणाऱ्या वाचकांसाठीही. पहिला खर्डा बहुधा एकाच वळणाने जातो. सुरुवातीला युद्धाची कारणं येतात, मग सेनापतींचे बेत, मग तोफांचा गडगडाट, आणि शेवटी आजोबांचा पराक्रम. तारखा बरोबर असतात, पलटणीचं नावही बरोबर असतं, तरी वाचणाऱ्याला आत काही जाणवत नाही. माहिती कमी पडली असं समजून लेखक आणखी माहिती भरतो आणि कथा आणखी मरते. माझं म्हणणं असं आहे की युद्धकथेतलं सत्य माहितीच्या साठ्यावर अवलंबून नसतं. हे कोण पाहतं आहे, ते लेखकाने आधी ठरवावं लागतं, आणि त्या माणसाला जे दिसणं शक्य नाही ते सांगण्याचा मोह आवरावा लागतो. बाकीची सगळी तंत्रं, म्हणजे तपशिलांची निवड, संवाद, पत्रं, काळाची उलटापालट, या एका निर्णयाच्या मागून येतात.

मराठीत याचा सर्वांत ठसठशीत पुरावा कुठल्याही कादंबरीत नाही, तो एका निरोपात आहे. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर मराठी फौज मोडली. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले होते, वाटेत त्यांच्या हाती एका सावकारी पत्रातला मजकूर पडला. त्यात लढाईचा शब्द नव्हता. दोन मोती गेल्याचं, काही मोहरा हरवल्याचं आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नसल्याचं त्यात होतं. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे बाकीचे शिपाई. ज्याने हे लिहिलं तो कवी नव्हता. शत्रूच्या मुलखातून पत्र सुखरूप जावं म्हणून त्याने आपल्या धंद्याची भाषा वापरली. पण ते वाचताना आजही पोटात खड्डा पडतो, आणि त्याचं कारण शोधलं तर लेखनाचे दोन धडे मिळतात. एक, त्याने फक्त आपल्याला ठाऊक होतं तेवढंच सांगितलं आणि आपल्या रोजच्या भाषेत सांगितलं. दुसरा धडा अधिक खोल आहे. मोती मोजले गेले, मोहरा मोजल्या गेल्या, आणि खुर्दा मात्र मोजायच्या पलीकडे गेला. त्या काळी सामान्य शिपायाच्या मरणाची किंमत काय होती, हे त्याने मुद्दाम सांगितलेलं नाही. त्याच्या उपमेतून ते आपोआप बाहेर पडलं. दीडशे वर्षांनंतर पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांनीही सेन्सॉरच्या नजरेतून सुटण्यासाठी असंच केलं. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात, असं ते घरी कळवत. काळी म्हणजे आपली माणसं, लाल म्हणजे गोरे. स्वयंपाकघरातला शब्द घरच्या माणसाला लगेच कळत होता. तुमच्या कथेतला नायक शेतकरी असेल, हमाल असेल, भटजी असेल, तर त्याच्या तोंडी कोणत्या धंद्याचे, कोणत्या घरचे शब्द येतील हे आधी शोधा. युद्ध त्या शब्दांतून सांगता आलं तर निम्मं काम झालं.

पानिपताचाच दुसरा पुरावा पाहा. काशीराज हा शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला मराठी माणूस. तो त्या लढाईच्या वेळी शत्रूच्या छावणीत होता आणि पुढे त्याने फारसीत वृत्तांत लिहिला. मराठ्यांची रसद का तुटली हे समजून घ्यायचं तर त्र्यं. शं. शेजवलकरांकडे जायला हवं: डिसेंबर 1760 मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, दाणागोटा आणि पैसा येण्याची उरलीसुरली वाट बंद झाली, आणि एवढी मोठी छावणी, तीही बायकामुलं आणि यात्रेकरूंसह, उपाशी पडली. हे कारण इतिहासकाराने सांगावं. पण काशीराज सांगतो तो प्रसंग वेगळ्या जातीचा आहे. सरदार आणि शिपाई भाऊसाहेबांच्या तंबूत आले, दोन दिवस पोटात अन्न नाही, उपाशी तडफडून मरण्यापेक्षा एकदाचं शत्रूवर जाऊ द्या, असं त्यांनी विनवलं. विडे वाटले गेले. सकाळी फौज निघाली तेव्हा लोकांनी पागोट्यांची टोकं सोडली होती आणि तोंडाला, हातांना हळद फासली होती. हळद हे मराठी घरात लग्नाचं द्रव्य. मरायला निघालेल्यांच्या अंगावर ती दिसते, आणि काशीराज त्यावर भाष्य करत नाही. हा तपशील खरा वाटतो कारण तो पाहणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यातला आहे. उपाशी माणसाच्या मनात काय चाललं होतं ते काशीराजला ठाऊक नव्हतं, त्याने फक्त चेहऱ्यावरचा पिवळा रंग नोंदवला. विश्वास पाटलांची 'पानिपत' ही 1988 साली आलेली कादंबरी लोकांनी डोक्यावर घेतली, तेव्हा तिच्या भव्यतेची चर्चा बरीच झाली. माझ्या मते तिचं खरं बळ वेढ्यातल्या उपासमारीला दिलेल्या जागेत आहे. एका दिवसाची लढाई सांगायला सगळेच धावतात. दोन-अडीच महिन्यांची भूक सांगायला धीर लागतो.

भूक हा युद्धकथेचा केवढा मोठा विषय आहे, हे आपल्याकडे अजून नीट वापरलंच गेलेलं नाही. मेसोपोटेमियात कूत-अल-अमारा इथे सहावी पुणे डिव्हिजन 7 डिसेंबर 1915 पासून वेढली गेली. तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. 29 एप्रिल 1916 रोजी शरणागती पत्करावी लागली. शिधा संपत आला तेव्हा घोडे मारून मांस देण्यात येऊ लागलं, आणि हिंदी शिपायांपैकी अनेकांनी धर्मभावनेमुळे ते बरेच दिवस नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्मपुढाऱ्यांची परवानगी मागवण्यापर्यंत गोष्ट गेली. आता विचार करा: दख्खनच्या किंवा कोकणच्या खेड्यातला एक जवान, त्याने ज्या घोड्याला चंदी घातली त्याचंच मांस त्याच्या थाळीत आलं आहे, आणि घरी परतल्यावर जातभाई काय म्हणतील याची चिंता त्याच्या मनात आहे. या एका थाळीत साम्राज्य, जात, धर्म, गाव आणि मरण सगळं आहे. तिथे एकही गोळी सुटत नाही. मराठी लेखकांसाठी ही सामग्री शंभर वर्षं पडून आहे, आणि ती कोणी हाती घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

नजर ठरवणं म्हणजे काय, ते आजऱ्यात जन्मलेल्या आणि कोल्हापुरात शिक्षकी केलेल्या शिवाजी सावंतांनी 1967 च्या 'मृत्युंजय'मध्ये करून दाखवलं आहे. कुरुक्षेत्राची कथा मराठी वाचकाला पाठ असते. सावंतांनी ती सहा निवेदकांच्या तोंडी दिली: कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण. प्रत्येकाला थोडंच ठाऊक आहे. कर्ण स्वतःची कथा सांगतो, पण स्वतःचं मरण तो सांगू शकत नाही, म्हणून शेवट कृष्णाकडे जातो. कादंबरीची अलंकृत भाषा आज काहींना जड वाटते, ते मी समजू शकतो. रचनेतली शिस्त मात्र निर्विवाद आहे: जो जे जाणत नाही ते तो बोलत नाही, आणि वाचक सहा अपुऱ्या साक्षींतून एक माणूस उभा करतो. 'युद्धाचं चित्र अपुरं राहील' अशी भीती वाटणाऱ्यांना हेच उत्तर आहे. एका नजरेने भागत नसेल तर दुसरी नजर आणा, पत्र आणा, रोजनिशी आणा, गावात राहिलेल्या बायकोकडे प्रकरण सोपवा. आकाशातून पाहणारा, सगळं जाणणारा निवेदक मात्र युद्धकथेत फार जपून वापरा, कारण युद्धात असलेल्या कोणालाही आकाशातून काही दिसत नाही.

विश्राम बेडेकरांनी 1939 मध्ये 'रणांगण' लिहिली तेव्हा ते याच्याही पुढे गेले. युरोपातून मुंबईकडे येणारी एक बोट आहे, तिच्यावर हिटलरच्या छळातून निसटलेले ज्यू निर्वासित आहेत, आणि चक्रधर आणि हेर्टा यांचं काही दिवसांचं प्रेम आहे. रणांगण नाव असलेल्या या कादंबरीत रणांगण नाही. डेकवरच्या गप्पा, भेदभावाचे छोटे प्रसंग, बंदर जवळ आल्यावर वाढणारी धास्ती, आणि पुढे हेर्टाची पत्रं. येऊ घातलेल्या महायुद्धाने माणसांच्या मनात काय करून ठेवलं होतं, ते या शंभरेक पानांतून जितकं कळतं तितकं तोफांच्या वर्णनातून कळलं नसतं. शेवटी पत्रं येतात हे तंत्र म्हणूनही लक्षात घ्या. चक्रधर मुंबईत उतरला, त्यामुळे पुढचं त्याला दिसू शकत नाही. बेडेकरांनी नजरेची मर्यादा मोडली नाही, पत्रांकडून काम करून घेतलं.

आता हे आपल्याच पायाखालच्या जागेवर करून पाहू. आषाढातली रात्र, जुलै 1660. सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा आणि शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघालेले. या प्रसंगावर पोवाडे आहेत, नाटकं-सिनेमे आहेत, कोवाडच्या रणजित देसाईंची 'पावनखिंड' आहे. त्यामुळे नव्याने लिहिणाऱ्याच्या हातून पहिलं वाक्य ठरलेलं निघतं: विजा कडाडत होत्या, काळरात्र होती, स्वराज्याचं भवितव्य पणाला लागलं होतं. यातलं शेवटचं वाक्य खरं आहे, पण ते पुढच्या शतकांतल्या माणसाचं आहे. आता पालखीच्या एका भोयाकडे नजर द्या. खांदा बदलायचा पण पालखी थांबू द्यायची नाही, एवढं त्याला सांगितलं आहे. घोंगडं भिजून इतकं जड झालं की मसाई पठारावर त्याने ते टाकून दिलं, आणि आता पाऊस मानेवरून पाठीत उतरतो आहे. वीज चमकली की पुढच्याची टाच दिसते, ती चिखलात कुठे रुतली ते पाहून तो पाय टाकतो. मागून कोणी धापा टाकत काही बोललं, ते वाऱ्यात गेलं. परंपरा सांगते की त्या रात्री दोन पालख्या निघाल्या आणि एकीत शिवा काशीद महाराजांच्या वेशात होता. मग त्या भोयाला आपल्या खांद्यावर कोण आहे, हे माहीत होतं का? हा एक प्रश्न हाती आला की कथेला धार येते. वजन सारखंच आहे, वाट सारखीच आहे, आणि आत राजा आहे की राजासाठी मरायला निघालेला न्हावी, हे विचारायची सोय नाही. पन्हाळ्याहून पांढरेपाण्यावरून त्या खिंडीपर्यंतचं पन्नासेक किलोमीटरचं अंतर आज हजारो लोक पावसाळ्यात चालतात. त्या वाटेवर एकदा पावसात चालून या आणि मग लिहा. कारण चिखलाची जात, दम कुठे लागतो, कुठल्या चढावर बोलणं बंद होतं, हे वाचनालयात मिळत नाही. आणखी एक काळजी घ्या. त्या रात्री त्या जागेला पावनखिंड म्हणणारा कोणी नव्हता. तुमच्या पात्राने ते नाव उच्चारलं की पुढचं सगळं त्याला आधीच ठाऊक आहे, असं वाचकाला कळून चुकतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की ज्याने लढाई पाहिली नाही त्याने ती लिहू नये. आक्षेपामागची भावना मी आदराने घेतो. ज्यांनी भोगलं त्यांच्या भोगाचं कोणी भांडवल करू नये, एवढंच त्यांना म्हणायचं असतं. पण पुरावा या नियमाच्या बाजूने नाही. अमेरिकी यादवी युद्ध 1865 मध्ये संपलं, स्टीफन क्रेन जन्मला 1871 मध्ये, आणि त्याने 1895 साली त्या युद्धावर लिहिलेली कादंबरी माजी सैनिकांनाही खरी वाटली. त्याने सैनिकांच्या छापील आठवणी वाचल्या होत्या आणि मग एका पोरसवदा शिपायाची नजर शेवटपर्यंत सोडली नव्हती. लढाईचं नावसुद्धा त्या पोराला माहीत नसतं. टॉलस्टॉय 1828 चा, त्याने लिहिलं 1812 बद्दल, पण सेवास्तोपोलच्या वेढ्यात तो स्वतः होता आणि तिथली भीती, धूर, गोंधळ त्याने बोरोदिनोच्या मैदानावर नेला. स्तांदाल नेपोलियनच्या फौजेबरोबर रशियापर्यंत गेलेला, वॉटर्लूला मात्र नव्हता. त्याच्या कादंबरीतला तरुण वॉटर्लूवर दिवसभर भटकतो आणि आपण खरंच लढाईत होतो का, हा प्रश्न त्याला पुढेही पडत राहतो. म्हणजे अनुभव उसना घेता येतो, कष्टाने आणि प्रामाणिकपणे. उलट, प्रत्यक्ष तिथे असलेल्या माणसाचं लेखनही निर्जीव होऊ शकतं, जर त्याने स्वतः पाहिलेलं बाजूला ठेवून नंतर वाचलेलं सांगायला घेतलं तर.

दुसरा आक्षेप महाराष्ट्रात जास्त जोराने येतो, आणि यायलाच हवा. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरी इतिहास म्हणून वाचली जाते. कादंबरीतला संवाद भाषणात येतो, भाषणातून पोस्टरवर जातो, आणि दहा वर्षांनी तो पुरावा होऊन बसतो. मग कल्पनेला मोकळीक का द्यायची? इथे बखरींकडे पाहणं उपयोगी आहे. पानिपतानंतर लवकरच लिहिल्या गेलेल्या भाऊसाहेबांच्या बखरीत, बुराडी घाटावर जखमी होऊन पडलेल्या दत्ताजी शिंद्यांचं शत्रूला दिलेलं उत्तर आहे. ते आज शाळकरी पोरालाही माहीत आहे. ते शब्द जसेच्या तसे उच्चारले गेले, ते कोणी ऐकले आणि कसे पोचवले, हे सिद्ध करता येणार नाही. म्हणून ते खोटे ठरतात का? माझ्या मते त्यांचं सत्य 10 जानेवारी 1760 च्या घाटावरचं असण्यापेक्षा, त्यानंतर शोक करणाऱ्या मराठी समाजाचं जास्त आहे. आपला माणूस कसा मेला असेल, कसा मरायला हवा होता, हे त्या समाजाने एका वाक्यात बांधलं. वाचकाने ते तसं वाचावं आणि लेखकाने तसं वापरावं. अडचण तेव्हा होते जेव्हा लेखक या दोन सत्यांतली सीमा पुसून टाकतो.

ही सीमा पुसली गेली की काय होतं, त्याचं उदाहरण विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'ने दिलं आहे. वरसईचे हे भटजी 1857 च्या धामधुमीत उत्तरेत अडकले, झाशीच्या वेढ्यात सापडले, कत्तल आणि लूट त्यांनी लपून बसून पाहिली. 1883 मध्ये त्यांनी आठवणी लिहिल्या. चिंतामणराव वैद्यांनी त्या 1907 मध्ये प्रसिद्ध केल्या, पण भाषा आणि मजकूर यांत फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरची आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली काढली. मधली जवळपास साठ वर्षं मराठी वाचक गोडसे म्हणून जे वाचत होता त्यात दुसऱ्या हाताची भर होती. वैद्यांना सरकारी रोषाची काळजी होती, त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण गोडशांच्या मूळ लेखनाची ताकद त्यांच्या साधेपणात आहे. झाशी पडल्यानंतर काळपीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी भेटते, पुरुषी वेशात, धुळीने माखलेली, तहानलेली. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर ती विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी ओढू नये म्हणून त्यांना थांबवते आणि स्वतः पाणी काढून पिते. राज्य गेलं आहे, पाठलाग सुरू आहे, आणि शिष्टाचार सुटलेला नाही. असा प्रसंग सुधारायला गेलं की तो बिघडतो. त्यामुळे कल्पनेसाठी मी एकच नियम सुचवेन: जिथे कागद गप्प आहेत तिथे कल्पना चालवा, जिथे कागद बोलतात तिथे त्यांच्याविरुद्ध जाऊ नका. भोयाच्या मनात काय होतं ते तुम्ही रचू शकता. वेढा कोणी घातला, कोण कोणत्या दिवशी मेलं, हे रचू शकत नाही. आणि पुस्तकाच्या शेवटी दोन पानांचं मनोगत जोडून काय घेतलं आणि काय घडवलं ते स्पष्ट सांगा. टिम ओब्रायनने व्हिएतनामवरच्या 1990 च्या पुस्तकात आपल्याच नावाचा निवेदक ठेवला आणि तरी मुखपृष्ठाच्या आत ते ललित असल्याचं नमूद केलं. त्याने वाचकाचा विश्वास कमी झाला नाही.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे. इतक्या जवळून, चिखल आणि भूक दाखवत लिहिलं तर शौर्य कमी होत नाही का, जवानाचा अपमान होत नाही का? हे मी पूर्णपणे नाकारतो, आणि त्यासाठी एक दस्तऐवज पुरे आहे. 9 एप्रिल 1945, इटलीतली सेनिओ नदी. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीतले नामदेव जाधव हे कंपनीचे निरोप्ये होते. कंपनीची पुढची तुकडी जवळपास संपली. त्यांनी एका जखमी सोबत्याला उचलून खोल पाण्यातून, मग सुरुंग पेरलेल्या चढावरून सुरक्षित नेलं, परत येऊन दुसऱ्याला नेलं. मग एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली. हाताला जखम झाली आणि बंदूक चालवता येईना तेव्हा हातबॉम्ब फेकले, एकामागून एक ठाणी गप्प केली, आणि बांधावर चढून मराठ्यांची आरोळी दिली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मी इथे एकही गौरवाचं विशेषण वापरलेलं नाही. पाणी, चढ, सुरुंग, परत येणं, पुन्हा जाणं, हा क्रमच बोलतो. 'परत येऊन दुसऱ्याला नेलं' या चार शब्दांत जे आहे ते 'अतुलनीय शौर्य' या दोन शब्दांत नाही, कारण एकदा वाचलेला माणूस त्याच सुरुंगांत पुन्हा का उतरला, हे वाचकाला स्वतःला विचारावं लागतं. विशेषणांनी तो प्रश्न विचारण्याची वाचकाची संधी हिरावून घेतली जाते. भित्रेपणाबद्दलही हेच. पळून जावंसं वाटलेला आणि तरी थांबलेला जवान दाखवणं हा त्याचा अपमान नाही. ज्याला भीती माहीतच नाही, त्याच्या थांबण्याला किंमत ती कोणती?

आता कामाला लागायचं तर सुरुवात ऐकण्यापासून करा. निवृत्त जवानाला 'त्या वेळी तुम्हाला काय वाटलं?' असं विचारलं की तो पंधरा ऑगस्टच्या भाषणातलं उत्तर देतो, कारण तेवढंच त्याच्याकडून अपेक्षित असतं हे त्याला ठाऊक आहे. त्याऐवजी बूट कसे होते ते विचारा. पाठीवर किती वजन असायचं, पाणी कुठून आणायचे, लंगरात काय असायचं, थंडीत बंदुकीच्या लोखंडाला हात लावला की काय व्हायचं, पत्र कोण वाचून दाखवायचं, रात्री पहाऱ्यावर झोप कशी आवरायची. ओब्रायनच्या पुस्तकाची सुरुवात सैनिकांच्या अंगावरच्या ओझ्यांच्या वजनांनी होते, ते उगीच नाही. शरीराचा प्रश्न विचारला की मन मागून बोलू लागतं. तो मध्येच थांबला तर वाट पाहा, पण खणू नका. काही माणसं एखाद्या दिवसाबद्दल कधीच बोलत नाहीत, आणि कथेत तो दिवस न सांगता पुढे जाणं हेही खरंच सांगणं आहे. घरातल्या बाईकडेही तेवढाच वेळ द्या. मनीऑर्डर उशिरा आली तेव्हा घर कसं चाललं, तार घेऊन येणाऱ्या पोस्टमनला गल्लीत पाहून बाया काय करायच्या, सुट्टीवर आलेला माणूस रात्री दचकून उठायचा का, हे तिला माहीत असतं. मराठी युद्धकथेत तिची नजर फारच कमी आली आहे, ही मोठी उणीव आहे.

ऐकलेलं मग कागदावर पडताळा. आठवण तारीख चुकते, डोंगराचं नाव चुकते; ती चूक कथेत पात्राच्या तोंडी राहू द्यायची की नाही हे तुम्ही ठरवाल, पण ती चूक आहे हे तुम्हाला माहीत हवं. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांची 'डोमेल ते कारगिल' आणि 1962 च्या पराभवावरची 'न सांगण्याजोगी गोष्ट' ही मराठीतली पुस्तकं लढायांचा आराखडा समजून घ्यायला भक्कम आधार आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातलेच लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात जानेवारी 1945 मध्ये ब्रह्मदेशात कांगावच्या लढाईत पलटणीचे प्रमुख होते, त्यांचं आत्मचरित्र आहे. संस्थानकाळातल्या भरतीचे, पेन्शनचे कागद पाहायचे तर कोल्हापूरचं पुराभिलेखागार आहे, जुनी मासिकं आणि वर्तमानपत्रांसाठी 1850 पासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिर आहे. हे सगळं वाचा, टिपणं काढा, आणि लिहायला बसताना टिपणांची वही मिटून ठेवा. तुम्हाला शंभर गोष्टी ठाऊक असतील, तुमच्या पात्राला त्या खंदकात बसून सात ठाऊक असतील. त्या सातच पानावर येऊ द्या. उरलेल्या वाया जात नाहीत. त्यांच्यामुळेच त्या सातांपैकी एकही चुकीची नसते.

हयात माणसाची गोष्ट असेल तर नाव, गाव, पलटण बदलण्याबद्दल त्याच्याशी आधी बोला, आणि ज्या सोबत्याबद्दल त्याने विश्वासाने काही सांगितलं त्या सोबत्याच्या घरच्यांचाही विचार करा. खर्डा झाला की तो समीक्षकाकडे किंवा संपादकाकडे पाठवण्याआधी एखाद्या माजी सैनिकाला मोठ्याने वाचून दाखवा. 'कसं वाटलं?' असं विचारू नका, 'कुठे चुकलं?' असं विचारा. तो सांगेल की अशा चढावर कोणी उभा राहून बोलत नाही, किंवा त्या बंदुकीला तेवढ्या गोळ्या बसत नाहीत, किंवा जखमीला असं उचलत नाहीत. ते तिथेच लिहून घ्या. आणि 'असं नव्हे, आमच्या वेळी असं होतं' म्हणून तो पुढे सांगू लागला, तर पेन खाली ठेवू नका.